शेअरांचा सातबारा

चौलच्या हिरामणनं जन्मात पहिल्यांदा शेअर घेतले, तेही एका बिस्किट कंपनीचे, मोजून वीस. लेक प्राप्तीनं मोबाइलवर घेऊन दिले. आठवडाभर तो येईल त्याच्यापुढं बिस्किटांची बशी सरकवायचा. "घ्या, आपलीच कंपनी हाय."

मग एका सकाळी प्राप्ती सहज बोलून गेली, "बाबा, कंपनीच्या दप्तरात तुमचं नाव नसतं. तिथं डिपॉझिटरीचं असतं. सगळ्यांचे शेअर तीच सांभाळते."

हिरामणनं हातातलं बिस्किट परत बशीत ठेवलं. त्याच्या बापानं खोताची जमीन कूळ म्हणून कसली होती, आणि कूळकायदा येताच तीच आपल्या नावावर करून घेतली होती. कागदावर भलत्याचं नाव लागलं की पुढं काय होतं, हे त्या घराइतकं कुणाला ठाऊक!

तडक इस्त्रीचा शर्ट चढवून त्यानं अलिबागला ब्रोकरचं ऑफिस गाठलं. काउंटरवर नेत्रा नावाची मुलगी होती.

"पोरी, खरं सांग. ही डिपॉझिटरी माझ्या शेरांना कूळ लागलीय का?"

नेत्राला हसू आवरेना. "नाही हो काका! ती नुसती नावाची मालक. लाभांश तुमचा, एका शेअरला एक मत तेही तुमचं, विकायचा हक्क तुमचा. उद्या आमच्या ऑफिसला टाळं लागलं तरी शेअर तुमचेच. कायदाच आहे तसा."

"खोतपन असाच निवांत व्हता," हिरामण म्हणाला.

तिनं त्याच्या नावाचा उतारा छापून दिला. त्यावर त्यानं हट्टानं दोन शिक्के मारून घेतले. तरी मनातली पाल काही गप्प बसेना.

पुढच्या महिन्यात कंपनीच्या सभेचं मतदान आलं. पाच ठराव होते. मत खरंच आपलं आहे का, हे बघायला हिरामणनं प्राप्तीकडून पाचही ठरावांना विरोध नोंदवून घेतला.

निकाल लागला. चार ठरावांच्या विरोधात हजारो मतं होती. पाचवा होता एका हिशेब तपासनिसाच्या मानधनाचा. बाजूनं काही कोटी मतं, विरोधात वीस.

"वीस! आपलीच हायेत ती!" हिरामण ओटीवर नाचायलाच लागला.

"बाबा, त्या बिचाऱ्या माणसानं तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"काय पन न्हाय. त्याला बिस्किटांचा पुडा धाडू."