बाकावरचा गोलकीपर

बरोबरी पुरेशी होती हो, नुसती बरोबरी! तेवढ्यावर देशाचा संघ फुटसालच्या, म्हणजे पाच-पाच गड्यांच्या फुटबॉलच्या, आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदाच अंतिम फेरी गाठणार होता. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा सामना बरोबरीतच होता, म्हणून प्रशिक्षकांनी थोरल्याला, म्हणजे गोलकीपरला, बाकावर बोलावलं आणि गोलकीपरची जर्सी चढवून त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाला आत पाठवलं. हॉलमधल्या या खेळात हे चालतं. गोल रिकामा सोडायचा, पाचवा गडीही पुढे न्यायचा आणि चेंडू आपसात फिरवत वेळ काढायचा.

"डोकं थंड ठेव," थोरला म्हणाला.

"तू पाणी पी, दादा. म्हातारा झालास," धाकटा हसला.

थोरल्याची ही शेवटचीच स्पर्धा, गुडघे कधीपासून कुरकुरत होते. पण त्याच्या जिवाला घोर होता तो धाकट्याचा. मागच्या स्पर्धेत त्याचा एक पास चुकला, तर लोकांनी त्याला सळो की पळो करून सोडलं. बाबा अजून त्याच्याशी धड बोलत नव्हते. पुन्हा तसंच झालं तर पोरगं मोडून पडेल, अशी भीती थोरल्याला वाटत होती.

आणि झालंही तेच. धाकट्याचा पास थेट समोरच्या गड्याच्या पायात गेला. त्याने तिथूनच चेंडू रिकाम्या गोलाकडे टोलवला.

अर्धं आयुष्य चेंडू दिसला की झेप घेत आलेला माणूस, तो काय बसून राहणार? थोरला बाकावरून उठला, रेषा ओलांडून धावला आणि गोलासमोर आडवं पडून त्याने चेंडू छातीशी धरला. घडीभर त्याला हायसं वाटलं.

मग शिट्टी झाली. बाकावरच्याने आत पाय टाकायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक! पंचांनी त्याला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं, वर पेनल्टी दिली. राखीव गोलकीपर दुखापतीने आधीच घरी परतला होता, मग आता गोलात उभं कोण राहणार? जर्सी ज्याच्या अंगावर होती तोच, जन्मात कधी गोल न राखलेला धाकटा.

कपडे बदलायच्या खोलीत थोरला डोकं धरून बसला. भिंतीपलीकडे समोरच्यांच्या पाठीराख्यांनी एकच जल्लोष केला. सगळं संपलं होतं.

थोड्या वेळाने धाकटा आला. डोळे सुजलेले.

"चूक माझी आहे," थोरला घाईघाईने म्हणाला. "बाबांना मी सांगतो. तुझ्या पासचं कुणी नावही काढणार नाही."

धाकटा मटकन खाली बसला.

"दादा, चेंडू बाहेर चालला होता रे. खांबापासून चांगला हातभर. मी मागून बघत होतो."

 दाराबाहेर बाबा दोघांची वाट बघत उभे होते.