दुपारचा वारा

“ही धावपट्टी अशी कोणी आखली?” मामांनी विचारलं.

मीच आखली होती. सहा आठवडे मान मोडून काढलेला नकाशा मी जीपच्या बॉनेटवर पसरला होता आणि मैदानाचा पहारेकरी, ज्याला सगळे मामा म्हणत, त्यात खोट काढत होता. माझं डोकंच फिरलं. युद्ध संपून वर्ष झालं होतं, लष्कर निघून गेलं होतं आणि त्यांच्या मातीच्या पट्टीच्या जागी आमच्या शहराला मोठा विमानतळ हवा होता. सोमवारी विमान कंपनीची माणसं जागा बघायला येणार होती. शेजारचं शहरही त्यांच्या मागे लागलं होतं. नकाशात खोट निघाली, तर आम्ही बसणार हात चोळत.

मी मामांसमोर लष्कराची वही आपटली. तीन वर्षांच्या वाऱ्याची नोंद होती, एक दिवस चुकलेला नाही.

“ही मीच लिहायचो,” मामा शांतपणे म्हणाले. “सकाळी आठला. त्यांची विमानं आठलाच उडायची, म्हणून आठचाच वारा. तुमची कधी येणार?”

“दुपारी तीनला.”

“मग तीनपर्यंत थांबा.”

थांबलो. मैदानाच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, वीट न् वीट स्वतः रचलेलं. मामींनी जेवायला घातलं, तरी माझा चेहरा सरळ झाला नव्हता. पावणेतीनला खांबावरची वारा दाखवणारी कापडी नळी लुळी पडली आणि तीनला फुगली ती माझ्या पट्टीला थेट आडवी. माझी टोपी गेली ती गेलीच. उतरत्या विमानाला असा वारा बाजूने लागला तर काय होईल, हे सांगायला वैमानिक कशाला हवा?

साहेबांना सांगताना माझी बोबडी वळली होती, कारण माझी नोकरी अजून कच्ची होती. पण ते ओरडले नाहीत. पुढच्या दोन्ही दुपारी स्वतः मैदानात येऊन उभे राहिले आणि मग एवढंच म्हणाले, “पुन्हा काढा.”

शुक्रवारी मी नवी रेघ आखली. ती बरोब्बर त्या दोन खोल्यांवरून गेली. पट्टी इकडे सरकवली तर ओढा, तिकडे सरकवली तर टेकडी. शेवटी शनिवारी नकाशा गुंडाळून मामांकडे गेलो.

“तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“अंदाज होता. इतकी वर्षं त्या नळीकडेच बघतोय.”

“मग बोललात कशाला?”

“वारा काय माझं घर बघून वाहतो?” मामा म्हणाले. “आणि आता बायका-पोरं बसून येणार विमानात.”

मामी आत भांडी आदळत होत्या. दोन दिवस त्या मामांशी बोलल्या नव्हत्या, हे मला नंतर कळलं.

सोमवारी कंपनीच्या वैमानिकाने सगळ्यात आधी दुपारच्या वाऱ्याचंच विचारलं. साहेबांनी मामांना पुढे केलं. मामांनी जे पाहिलं होतं ते सांगितलं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. आमची जागा पसंत पडली. मी कायम झालो, माझं लग्न झालं, पोरं शिकली. या सगळ्याच्या मुळाशी मामा आहेत, हे मी घरात शंभरदा सांगितलंय. पोरं कंटाळतात, तरी सांगतो. त्यांचे उपकार मी विसरूच शकत नाही.

पहिलं प्रवासी विमान आलं तेव्हा मामा-मामी सरकारी चाळीत राहायला जाऊन वर्ष लोटलं होतं. पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, पण ती दोघं कुंपणापाशी उभी राहिली, म्हणून मीही तिथेच गेलो. दुपारचा वारा सुटला होता. विमान त्याला तोंड देत खाली आलं, चाकांखालून जरासा धूर निघाला आणि ते सरळ धावत गेलं. मामींनी डोळे गच्च मिटले होते.

“कुठं टेकलं?” त्यांनी विचारलं.

मामांनी पट्टीवरचं अंतर नजरेने मोजलं.

“मागच्या खोलीपाशी,” ते म्हणाले. “नीट टेकलं.”