दोन मुठींची करवत

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे. माणसाहून लांब, आणि दोन्ही टोकांना एकेक मूठ. एकट्या माणसाच्या हाती मी चालत नाही.

लोहाराने मला घडवले, पण मला आवाज फुटला तो कल्लायी गावच्या लाकूडवखारीत. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकत. एक जण वर उभा राही, दुसरा खाली खड्ड्यात. वर चात्तू, खाली बीरान. मुकादमाने जोडी लावली तेव्हा दोघांचे मुळीच पटत नसे.

“चात्तू, रेघ बघून ओढ! सागवान आहे हे, नारळ किसत नाहीयेस!” बीरान खालून ओरडे.

“तुम्हीच मुठीला लोंबकळताय, बीरानिक्का. झोपाळा बांधून देऊ का?” चात्तू वरून विचारी; ‘इक्का’ म्हणजे दादा, पण स्वर टोमण्याचा.

भांडता भांडता ताल जमला. रमजानात बीरानचा रोजा असला की चात्तूही दिवसभर पाण्याला शिवत नसे. ओणमला चात्तूच्या घरी पहिले पान बीरानचे.

एकदा ओंडका घसरला. खाली बीरान होता. चात्तूने पळण्याऐवजी खांदा लावला. बीरान वाचला, पण तो खांदा अधूच राहिला. तेव्हापासून बीरान दोघांचा जोर एकटा लावू लागला. कुणालाच कळले नाही. मला कळले, कारण ती ओढ माझ्या अंगातून जात होती.

मग एका सकाळी चहा पिता पिताच बीरान गेला. दुपारच्या नमाजानंतर दफन होते. कबरीत माती लोटण्याआधी अंगावर आडव्या घालायला फळ्या हव्या होत्या. चात्तूने आपल्या दारासाठी जपलेला फणसाचा ओंडका आणला.

बीरानचा भाऊ मोईदू म्हणाला, “गिरणीत टाकू या. लगेच फळ्या होतील.”

“त्याच्या अंगावरची फळी यंत्राने कापायची? मी खड्ड्यात उतरतो. तू वर राहा.”

चात्तू जन्मात पहिल्यांदा खाली उतरला. चार हात ओढले आणि थांबला.

“खांदा दुखतोय?” मोईदूने वाकून विचारले.

“एवढं जड असतं होय रे खालून?” चात्तू माझ्या मुठीकडे बघत राहिला. “माझ्या वाटचंही ओढत होता. आणि एका शब्दाने बोलला नाही.”

नमाजाआधी फळ्या तयार झाल्या. त्यानंतर मी लाकूड पाहिले नाही. मुकादमाने नवा जोडीदार देऊ केला. चात्तूने नको म्हणून मान हलवली आणि मला घरच्या भिंतीवर टांगले. तो ओसरीवर बसून राही. येणारे-जाणारे पावसापाण्याचे बोलत, बीरानचे नाव मात्र मुद्दाम टाळत. त्या गप्पगप्प घरात मला गंज चढला.

परवा बीरानची बायको पात्तुम्मा आली. उंबऱ्याशी टेकून म्हणाली, “चात्तूएट्टा, कामावरचे ते मला कधी दिसलेच नाहीत. कसे होते, सांगाल?”

चात्तू आधी हसला, मग रडला, आणि दिवेलागणीपर्यंत बोलत राहिला.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असे आम्ही सांगायचे असते. पण मला तेल नाही लावलेत तरी चालेल. तुमच्या आळीत जोडीदार गेलेले कुणी एकटे बसले असेल, तर त्याच्यापाशी जा. पावसाचे बोलू नका. गेलेल्याचे नाव घ्या.