तुटक रेघेतली खोली

मी चहा गाळायला घेतला रे घेतला की देवदत्तचा फोन येतो. तो चिपळूणला घरांचे प्लॅन काढतो, मी रत्नागिरीत काढते, आणि दोघंही गेली कित्येक वर्षं 'चौकट' नावाच्या एकाच सॉफ्टवेअरवर. पूर्वी दिवाळीला बोलणं व्हायचं. आता रोज.

"पद्मजाताई, ऐकलंत का? चौकट बंद होणार म्हणतात."

काल म्हणाला होता, बंद नाही, महाग होणार. परवा म्हणाला, सगळं इंटरनेटवर जाणार, फाइली आपल्याकडे राहणारच नाहीत. मी म्हटलं, "देवदत्ता, तू एकदाचं काय ते ठरव आणि मग फोन कर. माझा चहा कडू झाला."

त्याचा तरी काय दोष! चौकट बनवणारी कंपनी गेल्या वर्षी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली, आणि तेव्हापासून पुढे काय, हे कुणी सांगायलाच तयार नाही. मध्यंतरी त्यांनी आम्हा वापरणाऱ्यांची ऑनलाइन सभा घेतली. शुभंकर नावाचे एक गोडबोले गृहस्थ होते. नवीन आवृत्ती येणार का? जुन्या फाइली उघडणार का? परवाना वाढवून मिळणार का? प्रत्येक प्रश्नाला हे हसून म्हणायचे, "तुमच्या भावना आमच्यापर्यंत पोचल्या आहेत. योग्य वेळी कळवू." शेवटी न राहवून मी विचारलं, "अहो, योग्य वेळ म्हणजे पावसाआधी की पावसानंतर?" तेही हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मेल्यांना काय ठाऊक, आमच्याकडे बांधकाम पावसाआधीच उरकावं लागतं.

आणि आमच्याकडे घर एका वर्षात होत नाही. जोतं तेवढं पहिल्याच वर्षी पुरतं घालून ठेवायचं, मग हातात पैसे येतील तशी दर उन्हाळ्यात एकेक खोली चढवायची. प्लॅन मात्र एकदाच काढायचा. झालेलं काम सरळ रेघेत, व्हायचं काम तुटक रेघेत. माणसं दोन-चार वर्षांनी पुन्हा येतात, मी जुनी फाइल उघडते, एका खोलीची तुटक रेघ सरळ करते आणि नवा कागद हातात देते. या कामाचा मला कधी कंटाळा आला नाही. कंटाळा आलाय तो या अधांतरी लटकण्याचा. उद्या ही फाइल उघडेल की नाही, या धास्तीने संगणक लावायचा म्हणजे जीव नकोसा होतो.

शेवटी देवदत्तच्या नादाने एका रविवारी सगळ्या फाइली दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेतल्या. एकेक तपासायला हवी होती. चार-पाच उघडून बघितल्या, पुऱ्या झालेल्या घरांच्याच होत्या त्या, भिंती जागच्या जागी, दारं जागच्या जागी. डोळे शिणले होते. म्हटलं, बाकीच्या लागतील तेव्हा बघू.

आणि हौसाकाकी आल्या.

काकी पावस गावाच्या अलीकडच्या एका वाडीतल्या. नवरा असताना जोतं घातलेलं. मग ओटी झाली, स्वयंपाकघर झालं, संडास-न्हाणीघर झालं, मुलाच्या, दीपकच्या लग्नाच्या वर्षी त्याची खोली झाली. शेवटची खोली काकींची. दर वर्षी तिच्याआधी दुसरंच काहीतरी निघायचं आणि काकी आपल्या पडवीत झोपायच्या. यंदा दीपकचा लोट्याच्या कारखान्यातून फोन आला होता, "मॅडम, आई येईल. प्लॅन काढून द्या, काम लावायचंय." एवढंच. कामावर जायच्या घाईत होता.

काकींनी पिशवीतून ओले काजूगर काढून माझ्या टेबलावर ठेवले, पदराने चेहरा पुसला आणि खुर्ची ओढून अगदी पडद्यापाशी बसल्या.

"दाव बाय, माजी खोली."

मी फाइल उघडली आणि छापायची तयारी करायला लागले. देवदत्तचा मेसेज आला होता, तोही वाचत होते. काकी खुर्चीत पुढे सरकल्या म्हणून मान वर केली. त्या पडद्याकडे बघत होत्या. ओटी होती, स्वयंपाकघर होतं, दीपकची खोली होती. तिच्यापलीकडे पांढरं, रिकामं.

मेल्या नव्या सॉफ्टवेअरने तुटक रेघा घेतल्याच नव्हत्या! झालेलं तेवढं उचललं, व्हायचं होतं ते सगळं टाकून दिलं.

काकींनी हळूच विचारलं, "दीपकने काढून टाकायला सांगितली काय गो?"

"छे छे! काकी, काहीतरीच काय!"

"असूदे. त्याला पन पोरांसाठी जागा होवी. मना पडवी पुरते." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीचे बंद गोळा करायला घेतले.

मी सांगितलं की ही संगणकाची चूक आहे. कंपनी विकली, फाइली उतरवल्या, रेघा गळल्या. माझी मलाच ती सारवासारव वाटायला लागली. काकी "हां, हां" करत होत्या, समजूत काढल्यासारख्या. मग मी जुनी चौकट उघडायला गेले. त्यात खोली होतीच, ती दाखवली की प्रश्न मिटला. पडद्यावर चाक फिरायला लागलं. 'परवाना तपासत आहोत.' चाक फिरतंय, फिरतंय. मग पाटी आली, 'सध्या परवाना तपासता येत नाही. कृपया नंतर प्रयत्न करा.'

जळलं मेलं लक्षण! दीपकला फोन लावला. उचलेना. ड्युटीवर असला की फोन गेटवर ठेवावा लागतो त्याला.

"माजी खोली कदी गावेल मग?" काकींनी विचारलं.

योग्य वेळी कळवीन, असं अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. शपथेवर सांगते, तेच शब्द. स्वतःचीच किळस आली मला.

"उठू नका काकी," मी म्हटलं. "आत्ता काढू. तुम्ही सांगा."

"मी काय सांगू?"

"खिडकी कुठे होती तुमची?"

काकींनी पिशवी खाली ठेवली. मग त्यांचं बोट पडद्यावर टेकलं. "काजीच्या झाडाच्या बाजूला. तू म्हनाली होतीस, सकाळचं ऊन येल." मग दार. मग भिंतीतलं कपाट, त्यात वरच्या खणात नवऱ्याचा फोटो. पलंग खिडकीखाली नको, पावसाचा शिंतोडा येतो. एवढ्या वर्षांत ती खोली त्यांनी मनात किती वेळा झाडली असेल! मी काढत गेले. हाताच्या सवयीने तुटक रेघच ओढत होते.

"ती तुटक नको गो बाय," काकी म्हणाल्या. "ती ऱ्हात नाय. सरळ ओढ."

बांधायच्या आधी सरळ रेघ ओढायची नाही, हा माझा नेम. मी सरळ ओढली.

कागद छापून दिला. काकींनी तो दोनदा उलगडून बघितला आणि घडी घालून पिशवीत तळाशी ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. दीपक. मी स्पीकरवरच घेतला.

"मॅडम, जेवणाची सुट्टी झाली. तुमचा फोन दिसला. आईची खिडकी जरा मोठी होईल काय? तिला आत कोंडल्यागत नको वाटायला."

काकी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "होईल," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दारापर्यंत जाऊन काकी मागे वळल्या. डोळे ओले होते. "बाय, मी काय मनात आनलं ते त्याला नको हां सांगू. कंदीच नको."

"नाही सांगणार. कधीच नाही," मी म्हटलं. पुढचं काही ठामपणे सांगितल्याला मला किती दिवस झाले होते, कोण जाणे.