बेगिमायचं दूध

माझ्या धाकट्या जावेला, बेगिमायला, स्वतःच्या दुधाची भीती बसली ती आमचे पुरुष मेंढरं घेऊन वरच्या कुरणात निघायच्या सुमारास. तिचा नवरा उलान मॉस्कोत बांधकामावर होता. तो संध्याकाळी फोनवर मुलाचं तोंड बघायचा आणि "खातो का नीट?" एवढंच विचारायचा. घरात सासूबाई, मी, माझी लेक आणि बेगिमाय. आणि तिचा एर्जान, जेमतेम चार महिन्यांचा.

पोरगं खरं तर बरं होतं. अंगावर पीत होतं, मांड्यांना वळ्या पडल्या होत्या. पण शी पातळ व्हायची. कधी हिरवट, कधी फेसाळ, कधी दह्याच्या कवड्या पडल्यासारखी. संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन रडायचं. सासूबाईंना आम्ही आपा म्हणतो, म्हणजे आईच. आपा दुपटं उजेडात धरून बघायच्या आणि त्यांचा चेहरा उतरायचा.

"हे डिसबॅक्टेरिओसिस आहे," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे हा शब्द शेळ्या राखणाऱ्यालासुद्धा येतो. पोटातल्या चांगल्या जंतूंना वाईट जंतूंनी हुसकावलं की असं होतं, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टर कलिमा यांनीही तेच सांगितलं. बाहेर बायकांची रांग होती. त्यांनी पोराच्या पोटावर दोन बोटं दाबली आणि लिहून दिलं, बालिक्ची शहरातल्या प्रयोगशाळेत शी तपासा, आणि आईचं दूधही तपासा.

शी ताजी हवी. निघाल्यापासून दोन-तीन तासांत पोचायला हवी, नाहीतर जंतू मरतात आणि तपासणी वाया जाते. म्हणून एके सकाळी आम्ही सगळ्या पोराभोवती बसलो. खाली उकळून वाळवलेलं कापड, हाताशी झाकणाला चमचा असलेली बाटली. बाहेर माझा नवरा तालांत गाडी सुरू करून बसलेला.

"काय झालं?" तो दर थोड्या वेळाने खिडकीतून विचारायचा.

"खानसाहेबांची मर्जी नाही अजून," मी सांगायची.

"त्यांना म्हणावं पेट्रोल जळतंय."

बेगिमाय हसली नाही. ती पोराचे पाय धरून बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. शेवटी एकदाचं काम झालं, तिने चमच्याने बाटली भरली, दुसरीत आपलं दूध पिळलं, आणि तालांतने घाटाच्या रस्त्याने अशी गाडी मारली की परत आल्यावर तो स्वतःच पायरीवर बसून राहिला.

आठवड्याने निकाल आला. जंतूंची नावं एकाखाली एक, पुढे आकडे, काहींच्या पुढे वर जाणारे बाण, काहींच्या पुढे खाली. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. पण एका नावाला कलिमांनी लाल पेनाने गोल केला होता. सोनेरी स्टॅफिलोकॉकस. पोराच्या शीत तो, आणि बेगिमायच्या दुधातही तो.

"तुमच्याकडूनच जातोय त्याला," कलिमा म्हणाल्या. वाईट बोलल्या नाहीत, दमलेल्या होत्या. "काही दिवस अंगावर पाजू नका. पावडरचं दूध द्या. हे थेंब द्या, हे औषध द्या. नंतर परत तपासू."

"नाही ऐकलं तर?" आपांनी विचारलं.

"रक्तात उतरू शकतो."

बस, एवढं एक वाक्य. घरी येईपर्यंत बेगिमायचे हातपाय गार पडले होते. मी तिचा हात धरला तर तिने काढून घेतला.

"एजे, मला हात नका लावू," ती मला म्हणाली. एजे म्हणजे ताई. "तुमची लेक आहे घरात."

त्या दिवशी आपांनी तिची छाती जुन्या चादरीच्या पट्टीने घट्ट बांधली. गाठ मारताना म्हणाल्या, "सोनेरी म्हणे. नाव सोन्याचं आणि काम विषाचं." बेगिमाय भिंतीकडे तोंड करून उभी होती. पलीकडच्या खोलीत पोरगं बाटलीचं निपल तोंडातून ढकलत होतं आणि ओरडत होतं. प्रत्येक ओरडण्यासरशी त्या पट्टीवर ओले डाग पसरत होते.

दूध दाटलं की ती वाटीत पिळून काढायची. ते टाकायचं कुठे, हाही प्रश्नच होता. आईचं दूध वाहत्या पाण्यात सोडावं, पायाखाली येऊ देऊ नये, अशी आमची रीत. अंगणाच्या कडेने पाट वाहतो, त्यात ती ओतायची. एकदा मी पाहिलं, वाटी हातात धरून ती तशीच उभी.

"काय गं?"

"खाली शेजाऱ्यांची कोकरं पाणी पितात, एजे. त्यांना काही झालं तर?"

मी म्हटलं, "वेडी आहेस का?" पण माझ्या आवाजात जोर नव्हता. मलाही ठाऊक नव्हतं. त्या दिवसांत मीही माझ्या लेकीला तिच्या मांडीवर बसू देत नव्हते, हे खरं आहे. बेगिमाय क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायची, बोटांना भेगा पडेपर्यंत. पोराचा मुका घ्यायला वाकायची आणि अर्ध्यावर थांबायची. मग त्याच्या टोपीचा मुका घ्यायची.

तालांत आणि बाकीचे कुरणात निघून गेले. पावडरचं दूध पोराला मानवेना. प्यायलं तर ओकायचं, नाहीतर मागून निघून जायचं. आधी शी पातळ होती, आता नुसतं पाणी. आपा म्हणायच्या, औषध जंतूंना बाहेर काढतंय, म्हणून. त्या दर तासाला दुपटं बघायच्या. मी त्यांच्याकडे बघायची. इतकी भ्यालेली म्हातारी मी कधी पाहिली नव्हती. भीतीने त्या जास्त कडक होत. बेगिमाय पोराजवळ गेली की म्हणायच्या, "पट्टी बघ आधी. सुटली नाही ना?"

मग पोरगं रडायचं कमी झालं. आपांना वाटलं, गुण आला. मलाही क्षणभर वाटलं. दुपारी मी त्याला आंघोळीला घेतलं तर मांड्यांच्या वळ्या नाहीशा झालेल्या. चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहत होती. टाळूवर हात ठेवला तर तिथे खळगा. आणि सकाळपासून लंगोट कोरडा होता.

"याला दवाखान्यात न्यायला हवं," मी म्हटलं. "शहरातल्या. आत्ता."

"नाही," आपा म्हणाल्या. "तिथे संसर्गाच्या वॉर्डात टाकतात. तिथनं परत देत नाहीत."

"आपा, हे पोर वाळतंय."

"मी सांगते ना, तिथनं देत नाहीत."

सासूचा शब्द सुनेने ओलांडायचा नसतो, माझ्यासारख्या थोरलीनेही नाही. तेवढ्यात बेगिमाय उठली. पोराला शालीत गुंडाळलं, दारातल्या चपला घातल्या त्याही माझ्या, आणि रस्त्याकडे चालायला लागली. आपा मागून हाका मारत होत्या. मी माझ्या लेकीला त्यांच्या हाताशी दिलं आणि धावले.

रस्त्यावर गवताचा ट्रक थांबला. ड्रायव्हर कोणीतरी परका माणूस होता, त्याने शालीत डोकावून पाहिलं आणि कुठे जायचं ते विचारलंही नाही.

पोरगं आता रडत नव्हतं. डोळे अर्धे उघडे. बेगिमाय सारखी त्याच्या नाकाशी बोट धरत होती. घाटाच्या वळणावर ती म्हणाली, "श्वास लागत नाहीये बोटाला." मी बोट धरलं. लागत होता, पण किती हलका. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि एका हाताने पट्टीची गाठ सोडायला लागली. ती सुटेना, तिने दातांनी ओढली.

"एजे, मी त्याला मारतेय का?"

हो म्हणू की नाही म्हणू? मला माहीत नव्हतं, आणि तसंच मी म्हटलं. "मला माहीत नाही, पोरी."

तिने पोराला छातीशी धरलं. त्याने तोंड उघडलंच नाही आधी. तिने दुधाचा थेंब त्याच्या ओठावर लावला, थेंब म्हणजे काय, नुसती ओल, कारण तोवर दूध आटत आलं होतं. मग त्याने ओठ हलवले. ती ते बघत होती, जणू आपल्याच हाताने जहर पाजतेय. ड्रायव्हरने तोंड दुसऱ्या बाजूला करून गाडी हाकली.

दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या, उंच, केस पांढरे झालेल्या. त्यांनी पोराला टेबलावर ठेवलं, टाळू पाहिली आणि कोणाला तरी हाक मारली. हाताला शीर सापडेना म्हणून डोक्याचे केस भादरून तिथे सुई टोचली. बेगिमायने तेवढ्यात तो निकालाचा कागद पुढे केला. "सोनेरी निघालाय," ती म्हणाली. "माझ्या दुधातून. मी आत्ता गाडीत पाजलं त्याला. माझं चुकलं का?"

डॉक्टरांनी कागद वाचला, घडी करून तिला परत दिला.

"हा जंतू माझ्या नाकात असेल, तुझ्या कातडीवर असेल. धडधाकट पोरांच्या शीतही निघतो. एवढ्यावरून दूध तोडत नाहीत."

"मग त्याला आधी काय झालं होतं?"

"आता कसं सांगू? कदाचित काहीच नसेल. अंगावरच्या पोरांची शी अशी असते पुष्कळदा. आत्ताचे जुलाब वेगळे. बाटलीतून, पाण्यातून काहीतरी गेलंय. हा सुकलाय. आधी पाणी भरू दे, मग बोलू."

मला वाटलं बेगिमायला हायसं वाटेल. झालं उलटं. ती भिंतीला टेकून खाली बसली. आतापर्यंत भीती दुधाची होती. आता, पोराला काहीच झालेलं नसताना आपण हे करून ठेवलं, ही भीती. आणि पोर अजून डोळे उघडत नव्हतं.

संसर्गाच्या वॉर्डात बाहेरच्या माणसाला सोडत नाहीत. मला पोराची काकू म्हणून ठेवून घेतलं, तेही बेगिमायच्या पायात उभं राहायचं बळ नव्हतं म्हणून. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर खिडकीबाहेर कोणीतरी दिसलं. आपा. माझ्या लेकीला शेजारणीकडे सोडून पहिल्या गाडीने आलेल्या. हातात फडक्यात गुंडाळलेला थर्मास, त्यात मटणाचं पाणी. त्या काचेला तोंड लावून बघत होत्या. पोराच्या डोक्यातली सुई त्यांना दिसली आणि त्यांनी खिडकीचा गज धरला.

आत ऊन येत होतं. मी पडदा ओढायला गेले तर त्या काचेवर थापा मारायला लागल्या.

"पडदा ओढू नकोस, चिनारा. अजिबात ओढू नकोस."

मी खिडकीची फट उघडली. "ऊन लागतंय पोराला, आपा."

"लागू दे. कुंदुजच्या वेळी मी अशीच बाहेर उभी होते. याच्यासारखंच झालं होतं तिला, उन्हाळ्यात. मला आत सोडत नव्हते, खिडकीतून दाखवायचे. मग सकाळी आले तर पडदा ओढलेला."

इतकी वर्षं त्या घरात राहून मी कुंदुज हे नाव पहिल्यांदा ऐकलं. आमच्या नवऱ्यांच्या आधी झालेली आणि गेलेली आपांची मुलगी. बेगिमाय पलंगावरून ऐकत होती. ती उठली, खिडकीपाशी आली, आणि दोघी काचेच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. कोणी माफी मागितली नाही. आपा म्हणाल्या, "हे पाणी पी. गरम आहे. दूध परत येतं याने. मलाही आलं होतं." मी फटीतून थर्मास आत घेतला.

पडदा आम्ही ओढला नाही. उन्हाच्या बाजूला मी शाल धरून उभी राहायची.

दुपारनंतर नर्सने लंगोट बघितला आणि तो हातात धरून डॉक्टरांना दाखवायला धावत गेली. ओला होता. पोराने लघवी केली, म्हणजे पाणी शरीरात ठरायला लागलं. मी खिडकीतून आपांना खूण केली. त्यांना काही समजलं नाही, उलट त्या घाबरून गेटाकडे पळाल्या, चौकीदाराने कसंबसं समजावलं.

दूध लगेच आलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, लावत राहा, रिकामं असलं तरी लावत राहा. पोरगं ओढायचं, चिडायचं, तोंड सोडून किंचाळायचं. किंचाळणं ऐकून आम्हाला बरं वाटायचं. आपा दर सकाळी गरम पाणी घेऊन यायच्या आणि दिवसभर त्या खिडकीखाली बसायच्या. एका सकाळी पोर पिता पिता थांबलं, ठसका लागला, आणि तोंडाच्या कडेने पांढरी धार गळली. बेगिमायने ती पुसली नाही. बोटावर घेऊन बघत राहिली, बराच वेळ. मग माझ्याकडे बघून विचारलं, "नक्की काही होणार नाही ना?"

डॉक्टरांनी सोडताना तिला परत सांगितलं, दुधाने काही होत नाही, शांतपणे. तिने विचारलं, "परत जुलाब झाले तर?"

"होतील," डॉक्टर म्हणाल्या. "पोरं आहेत. पाजत राहा, लंगोट ओला आहे का बघ, कोरडा राहिला तर घेऊन ये. कागद नको आणूस."

उलान नाताळानंतर घरी आला. एर्जान तेव्हा भिंत धरून उभा राहायला लागला होता. जेवताना उलानने विचारलं, "उन्हाळ्यात नेमकं झालं तरी काय होतं? फोनवर कोणी धड सांगितलं नाही."

"पोट बिघडलं होतं," आपा म्हणाल्या आणि त्याच्या पुढ्यात आणखी मांस वाढलं.

बेगिमाय कोळसा आणायच्या निमित्ताने बाहेर गेली. बराच वेळ झाला तरी येईना म्हणून मी मागे गेले. कोळशाच्या ढिगापाशी ती रिकामी बादली धरून उभी होती. बाहेर हाडं गोठवणारी थंडी.

"आत चल," मी म्हटलं.

"एजे, तो झोपला की मी अजून नाकाशी बोट धरते."

"मीही धरते," मी म्हटलं. आणि खरंच धरत होते. फावडं घेऊन मी बादली भरली, कडी एका बाजूने तिने धरली, एका बाजूने मी, आणि आम्ही घरात आलो.