तीन बाह्यांची जाकिटं

वेदिका लग्न होऊन पुण्याहून बेंगळुरूला आली, पण आपली सून कामावर नक्की काय करते हे श्यामलाबाईंना कितीतरी दिवस उमगलं नव्हतं. "तापलेल्या पाइपांवर काय गुंडाळायचं ते ठरवते," वेदिका सांगायची. श्यामलाबाई मान डोलवायच्या आणि जयनगरातल्या आपल्या शिवणवर्गाला निघून जायच्या.

अशात वेदिकाला पहिल्यांदाच एकटीच्या जबाबदारीवर एक काम मिळालं. देवनहळ्ळीजवळ हयवदन अण्णांचा तयार जेवणाचा कारखाना होता. तिथल्या पाइपांतून दोनशे अंशांची वाफ धावायची. जुनं आवरण भिजून लोंबत होतं आणि शेजारच्या पॅकिंगच्या खोलीत बायकांना उकाड्याने उभं राहवत नव्हतं.

"सगळीकडे एकच जाड माल लावा, झालं," अण्णा म्हणाले.

"वर छताशी दगडी लोकरीची मऊ गादी चालेल, अण्णा, वरून पत्रा घालू. पण खाली लोक पाइपावर पाय देऊन चढतात. तिथे ती चेपेल, म्हणून कॅल्शियम सिलिकेटचे कडक तुकडे लावू. आणि भिंतीजवळच्या फटीत जाड काही मावणारच नाही. तिथे एरोजेलची पातळ चादर."

अण्णांना ते पटलं. अडलं ते व्हॉल्व्हपाशी. फिटर गिरीराज म्हणाला, "मॅडम, ते सारखे खोलावे लागतात. आवरणाशिवाय उघडेच राहू द्या."

उघडा व्हॉल्व्ह म्हणजे पेटलेली शेगडीच, हे वेदिकाला माहीत होतं. काढता-घालता येणारी जाकिटं हवी होती. पण ती बनवणारे पुढच्या महिन्याचा वायदा करत होते आणि कारखाना बंद राहणार होता फक्त तो आठवडा.

त्या संध्याकाळी बनशंकरीच्या घरी ती जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र कापत बसली. एक टोक जुळवलं की दुसरं सुटत होतं.

"काय चाललंय गं?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"व्हॉल्व्हला जाकीट हवंय, आई. दोन बाजूंना पाइप, वर दांडा."

श्यामलाबाईंनी तिच्या मोबाइलवरचा फोटो बघितला आणि खो खो हसत सुटल्या. "अगं, हे तर तीन बाह्यांचं झबलं! स्वल्प सरक. कात्री दे."

पुढचे दिवस शिवणवर्गातलं जाड कापडाचं मशीन त्या दोघींचं झालं. काचेच्या धाग्याचं कापड खाजतं म्हणून हातमोजे, तोंडाला मास्क. साधा दोरा जळेल म्हणून वेदिकाने स्टीलच्या तारेचा दोरा आणला. श्यामलाबाईंनी जाकिटाची उघडायची बाजू वर घेतली, तेव्हा वेदिका म्हणाली, "वरून पाणी ठिबकलं तर आतली लोकर भिजेल, आई. भिजली की उपयोग संपला."

"सरी, बरं, मग पोटाखाली घेते. पट्टेही तिथेच," असं म्हणून त्यांनी शिवण उसवली. चिडल्या मुळीच नाहीत.

जाकिटं चढवायच्या दिवशी त्या हट्टाने कारखान्यात आल्या. गिरीराजने पट्टे ओढले, काढून पाहिले, पुन्हा ओढले. "एका मिनिटात निघतंय, अक्का!"

वाफ सोडली. तासाभराने वेदिकाने तापमान मोजलं आणि सासूचा हात धरून जाकिटावर ठेवला. श्यामलाबाई आधी दचकल्या, मग त्यांनी दुसराही हात ठेवला. "आत खरंच वाफ आहे?"

"दोनशे अंशांची."

"आणि हे आपण शिवलंय!" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की पॅकिंगच्या खोलीत काम करणारी अक्षरा आणि तिच्या मैत्रिणी धावत आल्या. एकेकीने हात लावून बघितला. मग कोणीतरी पॅकिंगच्या खोलीत उकाड्यामुळे भिंतीपासून लांब ओढून ठेवलेलं टेबल पुन्हा जागेवर सरकवलं आणि सगळ्या तिथेच कामाला लागल्या, मोठमोठ्याने गप्पा मारत.

अण्णांनी पहिल्या घाण्यातला बिसिबेळे भात दोघींना वाढला. श्यामलाबाई शेजारी बसलेल्या गिरीराजला सांगत होत्या, "माझी सून पाइपांना काय गुंडाळायचं ते ठरवते. अवघड काम असतं बरं का."

वेदिकाला इतकं हसू आलं की तिचा घास हातातच राहिला.