पहिल्या भत्त्याचा गूळ

लालासाहेबांनी एकदा मनावर घेतलं की घरात दुसऱ्या कुणाचं काही चालत नसे. फौजेतून सुभेदार होऊन परतले त्याला बरीच वर्षं झाली, पण हुकूम सोडायची सवय काही तिकडं जमा करून आले नव्हते. त्यांचा मुलगा राजस सुट्टीला फलटणजवळच्या गावी आला, जेवायला बसला आणि या महिन्यापासून रेटिंगचा भत्ता सुरू झाला असं आईला हळूच म्हणाला. लालासाहेब आतल्या खोलीत होते. बाहेर येईपर्यंत त्यांचा बेत ठरूनही गेला होता.

"उद्या सांगलीला जायचं. ज्या सरांनी शिकवलं त्यांच्या पायाव डोकं ठिवायचं, आन् मगच त्या पैशाला हात लावायचा. मला पहिली फीत मिळाली तवा मी उस्तादाच्या घरी गूळ दिऊन आलतो."

राजसने घास परत ताटात ठेवला. "आबा, सर रजेवर आहेत. कशाला उगाच त्रास द्यायचा?"

"रजेवर हायत म्हंजी घरी हायत. ब्येस झालं की."

सकाळी गुऱ्हाळावरून आणलेली गुळाची ढेप मागच्या सीटवर चढली, लालासाहेब पुढच्या सीटवर चढले आणि गाडी दहिवडीच्या रस्त्याला लागली.

राजस विमानतळावर एटीसीत होता. म्हणजे आकाशातली विमानं रडारवर बघायची, कुणी किती उंचीवर राहायचं, कुणी आधी उतरायचं, कुणी थांबायचं हे वैमानिकांना सांगायचं आणि दोन विमानांमध्ये ठरलेलं अंतर कायम राखायचं. गावात मात्र तो पायलट म्हणूनच ओळखला जाई. सुरुवातीला लालासाहेब लोकांना समजावून सांगत, मग त्यांनीही नाद सोडला. पायलट तर पायलट, ऐकायला काही वाईट लागत नव्हतं.

या कामात नुसती नोकरी लागून भागत नाही. रडारवर बसण्याची परवानगी, म्हणजे रेटिंग, वेगळी मिळवावी लागते. ती मिळेपर्यंत शिकाऊ माणूस आपल्या शिक्षकाच्या परवान्यावर बसतो. बोलतो शिकाऊ, पण जबाबदार शिक्षक. शिकाऊच्या तोंडून गेलेला प्रत्येक शब्द हा शिक्षकाचाच शब्द धरला जातो. राजसचे शिक्षक होते चिंतामण सर, सांगलीच्या गावभागातले. आणि चार महिन्यांपूर्वी राजसने त्यांच्या परवान्यावर बसून एक घोडचूक केली होती.

खाली उतरणाऱ्या एका विमानाला त्याने आणखी खाली यायला सांगितलं, आणि त्याच उंचीवरून दुसरं विमान आडवं चाललं होतं. दोन्ही ठिपके त्याच्या डोळ्यांसमोर होते. दिसत होते, पण डोक्यात शिरत नव्हते. सरांनी आपलं बटण दाबून त्याचा आवाज तोडला आणि एका विमानाला झटक्यात वळवलं. विमानं सुखरूप गेली, पण नियमात लिहिलेल्या अंतरापेक्षा खूप जवळून गेली. मग चौकशी बसली. सरांनी सांगितलं, माझं लक्ष क्षणभर दुसरीकडे होतं, चूक माझी. त्यांचं रेटिंग गोठलं, त्यावरचा भत्ता थांबला, तोंडाशी आलेली बढती अडकली. त्यांना कागद फिरवायच्या टेबलावर बसवलं, तेव्हा रजा टाकून ते सांगलीला निघून आले. राजसला थोडे दिवस बाजूला ठेवून दुसऱ्या शिक्षकाच्या हाताखाली दिलं. तो परीक्षा पास झाला आणि सरांचा बंद झालेला भत्ता जणू पत्ता बदलून त्याच्या खात्यावर येऊ लागला.

हे सगळं ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. कुणालाच माहीत नव्हतं ते एवढंच, की चूक झाली त्याच्या आदल्या रात्री राजस झोपलाच नव्हता. गावची जत्रा होती. देवाच्या मिरवणुकीत, छबिन्यात, पालखीला पहिला खांदा त्यांच्या घराचा. खांदा देऊन तो थेट गाडीत बसला, रात्रभर गाडी हाकली, तोंडावर पाणी मारून ड्यूटीवर हजर झाला. हेडसेट कानाला लावण्याआधी सर रोज विचारत, तसं त्या दिवशीही त्यांनी विचारलं होतं, "झोप झाली का रे?" आणि त्याने सांगितलं होतं, "झाली, सर."

चौकशीच्या पहिल्या जबाबातही त्याने झोप झाली होती असंच लिहून दिलं होतं. त्याचा शेवटचा जबाब सोमवारी होता. राजसने खरं सांगितलं तर त्याचं रेटिंग जाणार होतं. गप्प राहिला तर सरांवरचा ठपका कायमचा बसणार होता. तो गप्प राहणार होता. हे त्याने ठरवलेलं नव्हतं, पण आपण गप्पच राहणार हे त्याला माहीत होतं, आणि त्याबद्दल त्याला स्वतःची मनापासून लाज वाटत होती. विट्यापर्यंत लालासाहेब गुळाचे गुण सांगत होते. राजस हूं हूं करत गाडी चालवत होता.

दार सरांनीच उघडलं. अंगात घरातला सदरा, दाढीचे खुंट वाढलेले. राजसला बघून त्यांचा चेहरा इतका उजळला, की राजसला मान वर करवेना. तो पाया पडला. सरांनी त्याला उठवून पाठीवर थाप मारली.

"पास झालास ते कळलं. फार बरं झालं. चारू, अगं कोण आलंय बघ!"

सरांच्या बायको चारुशीलाबाई बाहेर आल्या. शाळेतल्या नोकरीतून नुकत्याच मोकळ्या झालेल्या बाई, आवाजात अजून वर्ग होता. "तुमच्या ऑफिसातलं कुणी फिरकलं नाही रे. तू आलास, बरं वाटलं," एवढं बोलून त्या चहा टाकायला गेल्या. राजसला वाटलं, यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

भडंगाच्या बशा आल्या, ढेप मधोमध ठेवली गेली आणि लालासाहेब मांडी ठोकून बसले. त्यांच्या मनात बरेच दिवस एक शंका होती. पोराला विचारायची सोय नव्हती, तो नीट उत्तर देत नसे.

"सर, रागावू नगा, पर एक इचारतो. आमच्याकडं उसाला टनामागं दर आसतो. तसं तुमच्याकडं इमानामागं किती मिळतं?"

सर मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांनी हसले असावेत, कारण स्वयंपाकघरातून चारुशीलाबाई डोकावून गेल्या.

"विमानामागं काही नाही, सुभेदार. रिकामा दिवस असो की गर्दीचा, पगार तोच. मूळ पगार हुद्द्याप्रमाणे, त्यावर महागाई भत्ता, शहर मोठं असेल तर घरभाडं जास्त. आता खरी गोम रेटिंगची. टॉवरचं वेगळं, रडारचं वेगळं. रेटिंग जितकं वरचं, तितका भत्ता जास्त."

"म्हंजी येकदा मिळालं की मिळालं?"

"छे! ते दर महिन्याला टिकवावं लागतं. ठरलेले तास बसावं लागतं, नाहीतर ते जातं. डॉक्टरांकडून तपासणी असते. रक्तदाब वाढला, कानांना कमी ऐकू आलं, की खाली उतरा. उसाला जास्त पाणी दिलं म्हणून पीक वाढेल, आमच्याकडे तसलं काही नाही. हजार विमानं नीट गेली तरी पगारात एक रुपया वाढत नाही. एक चुकलं, की मात्र कमी होतो."

"आन् तुमचं? तुमी रजेवर का?"

सरांनी बशीतला शेंगदाणा उचलला. राजस खिडकीकडे बघत राहिला.

"माझ्या परवान्यावर एक शिकाऊ बसला होता. त्याच्याकडून गडबड झाली. परवाना माझा, म्हणून चौकशी माझी. होतं असं आमच्या कामात."

लालासाहेबांची मान ताठ झाली. "आन् त्यो शिकाऊ? त्याला काय झालं?"

"त्याचं चांगलं चाललंय."

"चांगलं चाललंय? आवं, तुमी घरात बसलाय आन् त्यो चांगला? आमच्यात आसला गडी आसता तर त्याला ग्राउंडवर रायफल डोक्याव घिऊन पळवला आसता! तुमाला तोंड दाखवायला तरी आला का त्यो?"

"आला," सर म्हणाले. फक्त एवढंच. राजसकडे त्यांनी बघितलंही नाही, आणि ते न बघणंच त्याला सोसवलं नाही.

"आबा, तो मी आहे," राजस म्हणाला. "आणि सर, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं. माझी झोप झाली नव्हती. जत्रेवरून रात्रभर गाडी चालवून आलो होतो. मला समोरचं दिसत होतं, पण कळत नव्हतं. चूक तुमची नव्हतीच, सर."

लालासाहेबांचा हात बशीवरच थांबला. त्यांना रागवायचं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण राग आधी कशावर काढावा हे ठरेना. सरांनी मात्र चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय?"

"डोळे लाल होते तुझे. बोलताना जांभई दाबत होतास. मी इतकी वर्षं माणसं बसवतोय, मला कळणार नाही? तरी तुला बसू दिलं. एक माणूस कमी होता, तुला उठवलं असतं तर बदली कोण देणार? म्हटलं, मी बाजूला आहे की. आता तू जाऊन हे सांगितलंस, तर तुझं रेटिंग जाईलच, पण मला विचारतील, शिकाऊ झोपेत होता तर बसवला कसा? आत्ता नुसता भत्ता गेलाय. मग परवानाच जाईल."

राजसने चार महिने एकाच गोष्टीची भीती घेतली होती, की आपल्याला खरं बोलावं लागेल. आता सर चक्क सांगत होते, बोलू नकोस. त्याच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं, आणि उतरलं म्हणूनच त्याला स्वतःची शिसारी आली.

लालासाहेबांनी ढेपेकडे बघितलं. बोलले ते अगदी बारक्या आवाजात.

"ह्यो येत नव्हता, सर. म्हणत हुता, आबा, सकाळी ड्यूटी हाय. मीच म्हणलो, खांद्याचा मान आपला हाय, सोडायचा न्हाई. झोपंचं काय, म्हणलं, जवानाला झोप लागती व्हय?" त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "म्हंजी पोराला बोलवलं मी, आन् भोगताय तुमी."

"तसं नाही, सुभेदार. चूक माझी."

"माझी, सर," राजस म्हणाला.

"न्हाई रं, माझी."

तिघंही मान खाली घालून बसले. आणि खरं सांगायचं तर तिघांनाही थोडं बरं वाटू लागलं होतं. चुकीचे तीन वाटे झाले होते, आणि एकेकाच्या पदरी आलेला वाटा झेपेल एवढाच होता. सोमवारी राजस गप्प राहील, सर काही महिन्यांनी पुन्हा परीक्षा देऊन भत्ता मिळवतील, लालासाहेब पुढच्या जत्रेला खांद्याचा मान पुतण्याला देतील. कुणी तसं बोललं नाही, पण खोलीत ते ठरल्यातच जमा होतं.

चारुशीलाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. केव्हापासून, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी ट्रे खाली ठेवला, पण कप कुणाच्या हातात दिला नाही.

"झालं वाटून?" त्या म्हणाल्या. "भत्ता कुणाचा गेला, परवाना कुणाचा जाईल, मान कुणाचा होता. मघापासून ऐकतेय. मला एक सांगा, त्या दोन विमानांत माणसं किती होती?"

सरांनी राजसकडे बघितलं.

"माहीत नाही, काकू," राजस म्हणाला. "आम्ही ते विचारत नाही. म्हणजे, विमान संकटात असलं तरच वैमानिकाला विचारतो, किती जण आहेत म्हणून."

"मग त्या दिवशी का नाही विचारलंत?"

दोन ठिपके, दोन उंच्या, मधलं अंतर, एवढंच राजसला चार महिने आठवत होतं. रात्री दचकून जागा व्हायचा तेव्हाही रेटिंगच आठवायचं, सरांचा चेहरा आठवायचा. त्या ठिपक्यांत कुणी खिडकीला डोकं टेकून बसलं असेल, कुणी पोराला मांडीवर घेऊन बसलं असेल, हे त्याच्या मनाला एकदाही शिवलं नव्हतं. तो इतके दिवस भलत्याच गोष्टीसाठी स्वतःला अपराधी मानत होता.

"आणि अहो, तुम्ही," चारुशीलाबाई नवऱ्याकडे वळल्या, "उद्या दुसरा कुणी असाच लाल डोळ्यांनी येऊन बसेल. माणूस कमी आहे म्हणून त्यालाही बसवतील. हे असं घडतं, हे तिथं सांगणार कोण? तुम्ही गप्प बसून वाचवताय ते काय, त्याचं रेटिंग?"

चिंतामण सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"राजस, चौकशीच्या साहेबांचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"आहे, सर."

"सोमवारपर्यंत थांबू नकोस. सोमवारपर्यंत आपण दोघंही विचार बदलू. आत्ताच लाव. तुझं सांगून झालं, की फोन माझ्याकडे दे."

राजसने लालासाहेबांकडे बघितलं. ते नको म्हणतील अशी त्याला अजूनही थोडी आशा होती. पण लालासाहेबांनी मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली आणि ते ताठ बसले.

"लाव," ते म्हणाले. "आन् कुणी इचारलं, का जागा हुतास, तर माझं नाव सांग."

रिंग जात होती. चौथ्या रिंगला पलीकडून आवाज आला. राजस उठून उभा राहिला.

"साहेब, माझा जबाब खोटा आहे," तो म्हणाला. "पण आधी मला एक सांगाल का? त्या दोन विमानांत मिळून किती माणसं होती?"